माउस न धरता चालणारा फाईल मॅनेजर कसा बनवायचा (क्यूटीवाल्यांसाठी)

दोनेक वर्षांपूर्वी मी पायसाइडमध्ये (म्हणजे क्यूटी ही खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी पायथनमधून वापरून) एक छोटा फाईल मॅनेजर लिहिला, दोन पॅनल शेजारी शेजारी, कारण मला तसलाच लागतो. माझा एक मित्र आहे, त्याला दिसत नाही, दिवसभर एनव्हीडीएवर काम करतो, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, स्क्रीन रीडरवर. त्याला म्हटलं, बघ रे जरा चालवून. त्याने बाणाने खाली खाली जात एक जुनी फाईल गाठली, शिफ्ट एफ१० दाबून मेन्यू उघडला, डिलीट केलं, आणि उडाली भलतीच फाईल! कारण काय, तर मेन्यू उघडताना मी कोडमध्ये माउसचा पॉइंटर कुठंय ते विचारत होतो आणि त्याच्याखाली जी ओळ येईल ती उचलत होतो. त्याचा पॉइंटर सकाळपासून पॅनलच्या मधोमध पडून होता, तो माउसला हात कशाला लावेल? नशीब फाईल ट्रॅशमध्ये गेली, परत आणता आली.

तर पहिली दुरुस्ती हीच करा. मेन्यूतली प्रत्येक कृती सध्याच्या इंडेक्सवर (कीबोर्डने ज्या ओळीवर उभे आहोत तिच्यावर) किंवा सिलेक्शनवर चालली पाहिजे, पॉइंटरवर नाही. मेन्यू उघडायचं काम माउस प्रेसच्या फंक्शनमध्ये कोंबू नका, कॉन्टेक्स्ट मेन्यूचा जो वेगळा इव्हेंट येतो त्यात करा, म्हणजे विंडोजवर शिफ्ट एफ१० आणि कीबोर्डवरची मेन्यू की दोन्ही आपोआप चालतात. आणि मेन्यू उघडावा तोही त्या ओळीजवळ, स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला नाही, कारण दिसत असूनही फक्त कीबोर्ड वापरणारे लोक खूप असतात, मनगट दुखणारे धरून.

कोडला हात लावायच्या आधी एकदा स्वतः चालवून बघा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, तेव्हा पैशाचं कारण चालणार नाही. लिनक्सवर गनोम डेस्कटॉप असेल तर सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की), ऑल्ट आणि एस दाबलं की ऑर्का, म्हणजे तिथला स्क्रीन रीडर, बोलायला लागतो. माउस काढून ठेवा आणि एक फोल्डर उघडणं, त्यातल्या तीन फाईल निवडणं, दुसरीकडे कॉपी करणं, एकीचं नाव बदलणं एवढंच करा. सुरुवातीला तो आवाज इतका भरभर वाटतो की काही कळत नाही, म्हणून एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतला स्पीच व्ह्यूअर लावा, जे बोललं जातं ते खिडकीत लिहून येतं. लिनक्सवर ऑर्काला तुमचं क्यूटी ॲप दिसतच नसेल तर क्यूटीचं ॲक्सेसिबिलिटी कायम चालू ठेवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, ते १ करून बघा, आणि ॲक्सेरसायझर नावाच्या टूलमध्ये तुमच्या खिडकीचं अख्खं झाड उघडून कुठल्या विजेटला (बटण, यादी, रकाना वगैरेला) नाव नाही ते शोधा.

नावं देणं हे सगळ्यात सोपं काम, एका संध्याकाळी होतं. नुसता आयकॉन असलेल्या प्रत्येक बटणाला सेट ॲक्सेसिबल नेम, लेबल आणि त्याच्या शेजारच्या लिहायच्या रकान्याची जोडी लावायला सेट बडी, झालं. दोन पॅनल असतील तर त्यांनाही नाव द्या, "डावं पॅनल", "उजवं पॅनल", नाहीतर टॅब मारल्यावर फक्त "लिस्ट" ऐकू येतं आणि आपण कुठल्या बाजूला आहोत तेच कळत नाही. ही नावं अनुवादाच्या फंक्शनमधून न्या, मी विसरलो होतो, मग काय, मेन्यू मराठी आणि बटणं मात्र इंग्रजीत बोलतायत. अजून एक, क्यूटीच्या टूलबारमध्ये ॲक्शन टाकली की त्या बटणावर टॅब मारून बऱ्याचदा पोचताच येत नाही. तेव्हा टूलबारवरची प्रत्येक गोष्ट वरच्या मेन्यूतही हवी. खिडकीच्या टायटलमध्ये आधी फोल्डरचं नाव, मग ॲपचं, कारण ऑल्ट टॅब केल्यावर पहिलं तेच ऐकू येतं.

आता यादी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. स्क्रीन रीडर तुमचं चित्र वाचत नाही, मॉडेल (यादीमागचा डेटा) वाचतो. डेलिगेटमध्ये (ओळ रंगवणाऱ्या कोडमध्ये) तुम्ही कितीही सुंदर कुलूप रंगवा, केशरी ठिपका काढा, ऐकणाऱ्याला ते नाहीच. त्यासाठी मॉडेलमध्ये ॲक्सेसिबल टेक्स्ट नावाचा वेगळा रोल, म्हणजे माहितीचा कप्पा, आहे, तो भरा. पण भरताना नाव आधी! मी हौसेने "पीडीएफ फाईल, कुलूपबंद, वीजबिल मार्च" असं बनवलं होतं. मित्र म्हणाला, "अरे, तीनशे फाईल आहेत, मी पहिली दोन अक्षरं ऐकतो आणि पुढे जातो, तू मला दर वेळी पीडीएफ फाईल ऐकवतोयस." आता "वीजबिल मार्च, पीडीएफ, कुलूपबंद" असं येतं, आणि साइज व तारीख मी डिस्क्रिप्शनच्या रोलमध्ये टाकलीय, पहिल्याच कॉलमच्या. कारण फोकस पहिल्या कॉलमवर असताना बाकीचे कॉलम आपोआप वाचले जातील या भरवशावर राहता येत नाही. नावाच्या आधी फोल्डरचा इमोजी चिकटवायची फॅशन आहे ना, ती पण काढा, तो इमोजी शब्दात वाचला जातो, दर ओळीला.

मग फोकस. फोल्डरमध्ये काही बदललं की मॉडेल रीसेट करायचं हा आपला सगळ्यांचा आळस आहे, मीही तेच केलं होतं. डाउनलोड चालू असताना दर दोन सेकंदांनी यादी रीसेट व्हायची. डोळ्यांना काही जाणवत नाही, जरा लुकलुकतं इतकंच. पण रीसेट झालं की सध्याचा इंडेक्स जातो, सिलेक्शन जातं, आणि कीबोर्डवाला माणूस एकशेचाळिसाव्या फाईलवरून उचलून बाहेर फेकला जातो, पुन्हा पहिल्यापासून चाल. त्याऐवजी जी ओळ आली किंवा गेली तेवढीच मॉडेलला सांगा, ओळी घालायची आणि काढायची फंक्शन्स त्यासाठीच आहेत. फाईल डिलीट झाली की फोकस खालच्या फाईलवर, ती शेवटची असेल तर वरच्या. आणि ऑल्ट वरचा बाण मारून बाहेरच्या फोल्डरमध्ये आलात की ज्या फोल्डरमधून बाहेर पडलात त्याच्यावरच उभं राहायला हवं, यादीच्या डोक्यावर नाही. ही शेवटची गोष्ट पाच ओळींची आहे आणि मित्राने सगळ्यात जास्त कौतुक हिचंच केलं.

शांतता हा वेगळाच त्रास. रिकामा फोल्डर उघडला, आपल्याला मधोमध करड्या अक्षरात "इथे काही नाही" दिसतं, त्याला काहीच ऐकू येत नाही, मग वाटतं ॲप लटकलं. क्यूटी ६.८ पासून अनाउन्समेंटचा इव्हेंट आलाय, त्यातून "फोल्डर रिकामं आहे" किंवा "१२० फाईल" असं बोलवता येतं. पोलाइट आणि असर्टिव्ह असे दोन प्रकार आहेत, ऐंशी टक्के वेळा पोलाइट वापरा, असर्टिव्ह फक्त डिस्क भरली वगैरे असल्या वेळी. कॉपी करताना दर टक्क्याला बोलू नका, डोकं उठतं. मी सुरुवात, निम्मं आणि संपलं एवढंच ठेवलंय. नाव बदलताना चूक झाली की रकान्याला लाल बॉर्डर देऊन गप्प बसू नका, "या नावाची फाईल आधीच आहे" हे बोललं गेलं पाहिजे आणि फोकस त्याच रकान्यात राहिला पाहिजे.

शॉर्टकट नवीन शोधून काढू नका. एफ२ नाव बदलायला, कंट्रोल एल पत्ता लिहायला, ऑल्ट एंटर प्रॉपर्टीजला, कंट्रोल धरून बाणाने फिरायचं आणि कंट्रोल स्पेसने निवडायचं, लोकांच्या बोटांना हे पाठ आहे. क्यूटीच्या यादीत एक्स्टेंडेड सिलेक्शन (एका वेळी अनेक ओळी निवडायची पद्धत) लावलं की निवडीचं बरंचसं फुकट मिळतं, अक्षर टाइप करून त्या नावावर उडी मारणंही. फक्त जिथे तुम्ही की प्रेसचं फंक्शन स्वतः लिहिलंय तिथे न वापरलेल्या कीज मूळ क्लासकडे परत पाठवा, नाहीतर हे सगळं मुकाट्याने मरतं.

दोन पॅनलवाल्या फाईल मॅनेजरांची एक खानदानी सवय आहे, इन्सर्ट दाबून फाईल मार्क करायची. मिडनाइट कमांडर या जुन्या फाईल मॅनेजरमध्ये आहे, मीही ठेवली होती. पण इन्सर्ट ही एनव्हीडीएची स्वतःची की आहे, तो ती मधल्या मधे खातो, दोनदा भरभर दाबली तरच ॲपपर्यंत पोचते. कॅप्स लॉकचीही तीच गत, लॅपटॉपवर बरेच जण एनव्हीडीएची की म्हणून तीच वापरतात. म्हणून इन्सर्ट राहू दे, पण त्याच्या जोडीला दुसरी की हवीच. तसंच ओढून टाकायची जी जी सोय दिलीय तिथे कट-पेस्ट आणि मेन्यूत "इथे हलवा" असा पर्याय द्या.

डिलीट विचारणाऱ्या डायलॉगमध्ये "नक्की का?" एवढंच नको, फाईलचं नाव किंवा संख्या त्याच वाक्यात हवी, आणि पहिला फोकस रद्द करावर. आमच्या त्या पहिल्या दिवशी एवढं जरी असतं तरी चूक तिथेच कळली असती.

मराठी नावांच्या फाईलबद्दल: एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आहे, पण कुठला आवाज लावायचा हे वापरणारा ठरवतो. तुम्ही मध्ये पडून देवनागरी नावं रोमनमध्ये बदलून देऊ नका, जे नाव आहे तेच पाठवा.

थंबनेल व्ह्यू मला अजून जमलेला नाही. खिडकीची रुंदी बदलली की ओळीत किती चित्रं बसतात ते बदलतं, मग खालचा बाण दर वेळी वेगळ्याच फाईलवर नेतो. मित्र तो व्ह्यू उघडतच नाही, कंट्रोल २ मारून सरळ यादीत जातो.