अण्णाभाऊंच्या टपाल तिकिटाभोवती प्रदर्शन कसे उभारावे

अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला, म्हणजे १ ऑगस्टला, नाशिकमधील शाळेत किंवा वाचनालयात प्रतिमेला हार घालण्यापलीकडे काही करायचे असेल, तर एका टपाल तिकिटाभोवती लहानसे प्रदर्शन मांडणे थोड्या खर्चात जमते. भारतीय टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी त्यांच्या स्मरणार्थ ४ रुपयांचे तिकीट काढले.

इतके जुने तिकीट नेहमीच्या खिडकीवर मिळण्याची आशा धरू नये. संग्राहकांकडे किंवा तिकीट विक्रेत्यांकडे विचारणा करावी. कोरे म्हणजे न वापरलेले तिकीट, प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाले त्या दिवशीचा शिक्का असलेले पाकीट) आणि तिकिटासोबतचे माहितीपत्रक या तीन वस्तू मिळाल्या की पाया तयार झाला. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये गेल्या शतकाच्या विसाच्या दशकापासून तिकिटे छापली जात असल्यामुळे ‘हे आपल्याकडेच छापले का?’ हा प्रश्न इथला प्रेक्षक हमखास विचारतो. परंतु देशातील प्रत्येक तिकीट इथेच छापले जात नाही, म्हणून अभिमानाच्या भरात मथळा लिहिण्याआधी माहितीपत्रकावरील छापखान्याचे नाव पाहावे.

तिकीट डिंकाने चिकटवू नये आणि लॅमिनेट तर मुळीच करू नये. ऑगस्टच्या दमट हवेत कोऱ्या तिकिटाचा मागचा गोंद ओला होऊन ते कागदाला धरते. त्यामुळे ते चिमट्याने उचलून पारदर्शक माउंटमध्ये, म्हणजे तिकिटासाठीच्या छोट्या खिशात, ठेवावे आणि माउंट पानावर लावावा.

प्रदर्शनाच्या प्रमाणित चौकटीत ए-फोर आकाराची १६ पाने बसतात. शाळेला आठ पुरेत. पहिल्या पानावर तिकीट एकटेच ठेवावे. दुसऱ्यावर वाळवा तालुक्यातील वाटेगाव, १९२० मधील जन्म आणि तिथून मुंबईपर्यंत कुटुंबाने पायी केलेला प्रवास नकाशावर दाखवावा. खरी जागा द्यावी ती त्यापुढील पानांना, कारण अण्णाभाऊंचे लेखन कष्टकऱ्यांविषयीच्या कळवळ्यातून नव्हे, तर स्वतः केलेल्या कष्टांतून आले. गिरणीतील काम, कामगार चळवळ, १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह उभे केलेले लाल बावटा कलापथक हा क्रम प्रेक्षकाला सलग दिसला पाहिजे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लावताना गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिच्यात कशी एकवटते, हे दोन ओळींत सांगावे. ‘फकिरा’ साठी स्वतंत्र पान हवे: १९५९ मध्ये आलेली, राज्य पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, आणि तिचा नायक भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. हा तपशील गाळून केवळ ‘थोर साहित्यिक’ असे लिहिणे म्हणजे त्या माणसाला तिकिटाएवढे लहान करणे होय.

सोबतीला इतर तिकिटे जोडायची असल्यास निवड काटेकोर असावी. महात्मा फुले यांच्यावरील १९७७ चे आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरील २००५ चे तिकीट विषयाला धरून आहे. स्तालिनग्राडच्या लढाईवरील सोव्हिएत तिकीट मिळाल्यास उत्तमच, कारण त्या लढाईवर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला होता. लाल रंग दिसतो म्हणून वाटेल ते तिकीट घुसडू नये. शेवटचे पान जिल्ह्यासाठी राखावे: सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आणि विहितगावचे कथाकार बाबुराव बागूल यांनी हीच वाट पुढे कशी नेली, ते तिथे येऊ द्यावे.

१ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथीही असल्याने शाळेत दोन्ही कार्यक्रम एकाच तासात उरकले जातात. प्रदर्शन त्या घाईतून वेगळे काढून आठवडाभर ठेवावे, आणि सातपूर किंवा अंबडच्या कामगार वस्तीत मांडणार असाल, तर ते पाळी सुटल्यानंतरही उघडे राहील अशी सोय करावी. पाने कामगारांच्या मुलांकडून लिहवून घ्यावीत. अक्षर वाकडे आले तरी चालेल, सनावळी मात्र मोठ्यांनी तपासावी. प्रदर्शन आवरल्यावर तिकिटे माउंटसह कोरड्या अल्बममध्ये उभी ठेवावीत.