नेटवर्कवरून व्हेरिएबल शेअर करताय? मग या चुका टाळा

गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीला वर्गणीचे आकडे दोन लॅपटॉपवर घ्यायचे आणि टोटल तिसऱ्यावर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्यावर, दाखवायची असं ठरलं आणि पायथॉन येतं म्हणून काम माझ्या गळ्यात. सॉकेट, म्हणजे दोन मशीनमधली नेटवर्कची जोडणी, उघडायचं, व्हेरिएबल पाठवायचं, अजून काय असतं? इथेच गंडतं. नेटवर्कवरून व्हेरिएबल शेअर होत नाही, त्याच्या त्या क्षणाच्या किमतीची कॉपी जाते, पुढे इकडे बदललं तरी तिकडे पत्ता नसतो.

सगळ्यात महाग चूक तीच. टोटल १०,००० होती, दोन्ही पोरांच्या लॅपटॉपने ती वाचली, एकाने ५०१ मिळवून १०,५०१ परत पाठवले, दुसऱ्याने २५१ मिळवून १०,२५१, आणि जो शेवटी पोचला तो जिंकला. ५०१ हवेत! खजिनदार काका माझ्याकडे असे बघतायत की मीच खिशात घातले. तर नवी टोटल कधीच पाठवू नका, "५०१ मिळव" एवढाच निरोप पाठवा, बेरीज एकट्या सर्व्हरने करायची आणि तिथे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, असतील तर लॉक लावून, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडून. रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) वापरत असाल तर इन्क्रबाय (INCRBY) कमांड नेमकं हेच करते.

दुसरं म्हणजे टीसीपी, सॉकेटमधून डेटा ज्या पद्धतीने जातो ती. ते नळाच्या पाण्यासारखं आहे, वर टाकीत तुम्ही दोन बादल्या वेगवेगळ्या ओतल्यात हे खाली नळाला कळत नाही. ५०१ आणि २५१ पाठवले तर समोर ५०१२५१ असं चिकटून येऊ शकतं, किंवा आधी ५० आणि मग १. डेटा घेणाऱ्या रिसीव्हला (recv) १०२४ दिलं म्हणजे जास्तीत जास्त तेवढे बाइट, तेवढेच येतील असं नाही. प्रत्येक निरोपाच्या शेवटी न्यूलाइन टाका नाहीतर आधी लांबी पाठवा, पण लांबी बाइटमध्ये हं, अक्षरांत नाही, कारण "गिरगाव" पायथॉन ६ मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये ते १८ बाइट होतात. आणि रिसीव्हने रिकामं काही दिलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय, लूपमधून बाहेर पडा, नाहीतर लूप रिकामाच फिरत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलतो.

कनेक्टच होत नाहीये? सर्व्हर १२७.०.०.१ वर बांधला असेल, तो फक्त त्याच मशीनला दिसतो. ०.०.०.० करा, मग विंडोजचा फायरवॉल बघा. गेस्ट वायफायवर बरेचदा एक मशीन दुसऱ्याला दिसतच नाही, आम्ही शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला.

पायथॉनच्या स्ट्रक्ट (struct) मॉड्यूलने आकडे बायनरी, म्हणजे थेट बाइट करून, पाठवत असाल तर दोन्हीकडे फॉरमॅटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह लावा, म्हणजे बाइटचा क्रम दोन्हीकडे एकच राहतो. मी एकीकडे विसरलो, बाइट उलटे वाचले गेले आणि टीव्हीवर ५०१ चे ४११ कोटी झाले. टाळ्या पडल्या.

पायथॉनच्या वस्तू जशाच्या तशा बाइटमध्ये बांधणारं पिकल (pickle) सोपं वाटतं, पण बाहेरून आलेलं पिकल उघडताना त्यातला कोणाचाही कोड चालू शकतो, म्हणून साध्या मजकुरात डेटा लिहिणारा जेसन (JSON) बरा. फक्त जेसनमध्ये डिक्शनरीच्या आकडी "की" (key) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, होतात. आमच्याकडे खोली नंबर हेच "की" होते, त्यामुळे १२ नंबरच्या काकूंचे पैसे स्ट्रिंगवाल्या १२ मध्ये जमा आणि आकड्यावाल्या १२ पुढे टीव्हीवर "बाकी". काकू पावती घेऊनच खाली आल्या.