फेलोशिप लागली, पैसे अडकले: पीएचडीवाल्यांनो, या चुका टाळा

जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, लागली की लॅबमध्ये पेढे येतात. वर्ष सरायच्या आत तीच मुलं माझ्या टेबलापाशी येऊन हळूच विचारतात, "मॅडम, या महिन्याचे पैसे आले नाहीत, कुणाला विचारू?" परळच्या एका संशोधन संस्थेत मी लॅबचे कागद सांभाळते. दरवर्षी मुलं नवी, चुका त्याच.

सगळ्यात महाग पडते ती दोन वर्षांची तारीख विसरणं. जेआरएफ दोन वर्षांची. त्यानंतर समिती बसते, त्यात एक बाहेरचा तज्ज्ञ असतो, ती काम बघते आणि मग एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, मिळते. महिन्याच्या ३७,००० चे ४२,००० होतात. मुंबईचा ३० टक्के एचआरए (घरभाडे भत्ता) धरला तर महिन्याला ६,५०० रुपयांचा फरक. पण ही समिती आपोआप बसत नाही. ती बसवून घ्यावी लागते.

सोलापूरहून आलेली एक मुलगी होती. शिवडीला तिघींत एक खोली, सकाळी सातपासून सेल कल्चर (लॅबमध्ये पेशी वाढवणं), कामात चोख. तिची दोन वर्षं मार्चमध्ये संपली आणि अपग्रेडेशनचं, म्हणजे जेआरएफची एसआरएफ करण्याचं, तिने गाईडना पहिल्यांदा विचारलं ते मेमध्ये. गाईड परिषदेला गेलेले, बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख मिळाली जुलैअखेरची. समितीने तिचं कौतुक केलं. पण फाइल परत आली. जॉइनिंग रिपोर्टवर एक तारीख, पहिल्या प्रगती अहवालावर दुसरी! रुजू झाली त्या दिवशी घाईत कुणीतरी पेनाने आकडा गिरवला होता आणि ११ चा १७ दिसत होता. तेवढ्यासाठी दुरुस्तीचं पत्र, संचालकांची सही, पुन्हा सगळा प्रवास. ऑक्टोबर उजाडला. थकबाकी एकरकमी मिळाली, पण मधले सात महिने पैसे अडकलेले, तिच्या खोलीचं भाडं भावाने भरलं. तो चादरीच्या कारखान्यात कामाला होता.

तेव्हापासून मी नव्या मुलांना रुजू होण्याच्या दिवशीच पुढे एकविसावा महिना मोजायला लावते. तो महिना आला की कालनिर्णयवर लाल गोल आणि गाईडकडे तज्ज्ञांच्या नावांची मागणी. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची. "मेल केलाय ना मॅडम," हे ऐकलं की मला राग येतो. मेल कुणी उघडला, कुणाला ठाऊक? शिक्क्यावर तारीख असते. आणि उशीर झाला म्हणून कुणी "मागची तारीख टाकून सही घे" असं सुचवलं, तर तिथेच नाही म्हणा. असा एक कागद सापडला तर पाच वर्षांची फेलोशिप धोक्यात येते.

दुसरी चूक आपल्या वैद्यकीय संशोधनातली खास, आणि तिचं मूळ घाईत आहे. एथिक्स कमिटीची (रुग्णांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी यायच्या आधी नमुने गोळा करणं. तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका मुलाला ओपीडीतले डॉक्टर ओळखीचे मिळाले. मंजुरी येईलच, या भरवशावर त्याने रुग्णांच्या लाळेचे नमुने घेऊन उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले. व्यवस्थित लेबलं, निळ्या झाकणांच्या नळ्या. मंजुरी आली ती पुढच्या तारखेपासून. आधीचा एकही नमुना वापरता आला नाही, कारण झालेल्या कामाला मागाहून मंजुरी नसते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी वाचा. माझं ऐकाल तर फेलोशिपचा प्रस्ताव आणि एथिक्सचा अर्ज एकाच आठवड्यात लिहायला घ्या. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांची समिती वेगळी, तिचा अर्जही वेगळा. आणि सीनियरचा प्रस्ताव उचलून त्यात आजाराचं नाव बदलणाऱ्यांनो, समितीचा पहिलाच प्रश्न नमुन्यांच्या संख्येवर असतो. तिथे अडखळलात की सगळं उघडं पडतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. राज्यात एनटी (भटक्या जमाती) असलेले धनगर, वंजारी केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, दाखला तसाच काढा. हॉस्टेलमध्ये राहून एचआरएचा फॉर्म भरू नका, वसुली होते. प्रोजेक्टचा पगार आणि फेलोशिप एकाच वेळी घेऊ नका. सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची) वर्षाची २०,००० कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, शेवटच्या महिन्यात उडवू नका, तेव्हा बिलं धड जुळत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेची एफ३१ ही पीएचडी फेलोशिप पाहून हुरळू नका. ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते.

पैसे आत्ताच अडकले असतील तर आधी शोधा, ते संस्थेत अडकलेत की पुढे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) फेलोशिप असेल तर संस्थेला दर महिन्याला पोर्टलवर तुमची नोंद करावी लागते. एक जण भरतो, दुसरा मंजूर करतो. त्यातला एक रजेवर गेला की तुमचा महिना राहतो. म्हणून अकाउंट्समध्ये जाऊन "पैसे कधी येणार?" असं विचारू नका. "माझी या महिन्याची नोंद मंजूर झाली का? स्क्रीनवर दाखवाल का?" असं विचारा, आणि ती दिसेपर्यंत काउंटर सोडू नका.