आधी चरबी की आधी स्नायू? टेप काढा

आधी चरबी घटवायची की आधी स्नायू वाढवायचे, हा निर्णय वजनकाट्यावर सोडू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच होता, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ९.१. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे दोघांच्या फोटोसह छापून आलं. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी शरीरं आपल्याकडे घरोघरी दिसतात.

म्हणून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर आकडा गेला तर आधी चरबी. पण कृपा करून उपास नकोत, त्यात स्नायूही झिजतात. रोजच्या ३००-४०० कॅलरी कमी करा आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलाच. कंबर मर्यादेत असेल तर थोडं जास्त खाऊन स्नायू वाढवा. नवख्यांना बऱ्याचदा दोन्ही एकदम साधतं.

प्रथिनं दोन्हीकडे लागतात, वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम. नुसत्या वरण-भातातून तेवढी मिळत नाहीत. अंडी, मासे, पनीर, सोयाबीन यांची जोड द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.