जनुकीय विदेचे विश्लेषण : संगणक ज्या चुका दाखवत नाही, त्या टाळा

जनुकीय विदेवर काम करताना प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर निदान काहीतरी बिघडल्याचे कळते. प्रोग्राम सुरळीत संपूनही उत्तर चुकीचे येते, तेव्हा ते महिनोन्महिने ध्यानात येत नाही.

अशा चुकांपैकी संदर्भ जीनोमच्या (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या संपूर्ण जनुकीय क्रमाच्या) आवृत्तीची गफलत मला सर्वांत घातक वाटते. मानवी संदर्भ जीनोमच्या २००९ मधील जीआरसीएच३७ आणि २०१३ मधील जीआरसीएच३८ या आवृत्त्यांमध्ये बहुतेक जनुकांचे स्थानांक (गुणसूत्रावरील जागेचे क्रमांक) वेगळे आहेत. त्यामुळे एका आवृत्तीवर शोधलेली उत्परिवर्तने दुसऱ्या आवृत्तीच्या जनुकसूचीशी ताडली, तर ती भलत्याच जनुकाच्या नावावर जमा होऊ शकतात. दोन फायलींत काहीच सामाईक निघाले नाही, तर आधी गुणसूत्रांची नावे पाहावीत, कारण एकीत ‘सीएचआर१’ आणि दुसरीत नुसते ‘१’ असणे नित्याचे आहे. सर्व स्थाने नेमकी एकाने सरकली असतील, तर दोष मोजणीचा समजावा : जीनोममधील जागा नोंदवणाऱ्या बेड फायलीत मोजणी ० पासून होते, उत्परिवर्तनांच्या व्हीसीएफ आणि जनुकसूचीच्या जीएफएफ फायलींमध्ये १ पासून.

जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये थेट उघडू नयेत. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ ही जनुकांची नावे तेथे तारखा होऊन बसत, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या नामकरण समितीने ही नावेच बदलली. जुन्या याद्यांत मात्र ती अजून आहेत.

२०,००० जनुकांची चाचणी ०.०५ या मर्यादेवर (म्हणजे योगायोगाने चुकण्याची ५ टक्के शक्यता मान्य करून) घेतली, तर कोठेही खरा फरक नसतानाही सुमारे १,००० जनुके योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतात, म्हणून बहुचाचणी दुरुस्ती, म्हणजे चाचण्यांच्या संख्येनुसार मर्यादा कडक करणे, अनिवार्य आहे. परंतु रुग्णांचे सर्व नमुने एका तुकडीत आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या तुकडीत तपासले असतील, तर तुकडीचा परिणाम (केवळ वेगळ्या वेळी वा वेगळ्या परिस्थितीत तपासल्याने पडणारा फरक) आजाराच्या परिणामापासून कोणत्याही सूत्राने वेगळा काढता येत नाही. त्याची काळजी प्रयोगाआधीच घ्यावी लागते.

प्रथिनांच्या बाबतीत, वर्णपटांच्या (वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने प्रथिनांच्या तुकड्यांच्या केलेल्या नोंदींच्या) पातळीवरील १ टक्का चूकदर, म्हणजे चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण, प्रथिनांच्या यादीलाही लागू आहे असे मानू नये. बरोबर जुळलेले वर्णपट ठरावीक प्रथिनांवर एकवटतात, चुकीचे मात्र विखुरतात, आणि त्यामुळे प्रथिनांचा चूकदर बराच वाढतो. गहाळ मोजमापांच्या जागी सरसकट शून्य भरणेही टाळावे, कारण प्रथिन यंत्राला न दिसणे म्हणजे ते नमुन्यात नसणे नव्हे.