अंगावरून वारं गेलं तर: घरापासून सीटी स्कॅनपर्यंत

तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, हात वर धरला की खाली पडतोय, बोलणं बोबडं झालंय. ही पक्षाघाताची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची (स्ट्रोकची) लक्षणं. यातलं एकही लक्षण घरात कुणाला अचानक दिसलं, की आधी १०८ ला फोन लावा आणि लगेच कागदावर एक वेळ लिहा. लक्षण दिसलं ती वेळ नव्हे, तर तो माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ. रात्री दहाला जेवून झोपला आणि सकाळी साडेपाचला हात हलेना, तर कागदावर दहा लिहायचे. मधे पहाटे तीनला लाइट आली म्हणून उठून मोटर चालू करून आला असेल, तर तीन. पुढचे सगळे उपचार या एका आकड्यावर ठरतात, आणि दवाखान्यात विचारल्यावर नेमका हाच आकडा कुणाला सांगता येत नाही.

शंका असेल तर तपासायला अर्धा मिनिट पुरतो. हसायला सांगा, ओठाची एक कड खाली राहते का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि दहापर्यंत मोजा. एखादं साधं वाक्य म्हणून घ्या, ‘कृष्णाकाठची वांगी चवीला चांगली’ असलं काहीही. काही वेळा हातापायाला काहीच होत नाही. अचानक तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, अर्धी नजर जाते किंवा समोरच्याचं बोलणं समजत नाही. कधी नव्हे असं डोकं फुटल्यासारखं दुखून उलटी झाली, तर मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तोंड वाकडं होण्याचं कारण कधी चेहऱ्याच्या नसेचा साधा आजारही असतो. त्यात त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही. पण हा निवाडा घरी करत बसू नका.

आता हिशेब. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, आणि बहुतेक झटके याच प्रकारचे असतात, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जत-आटपाडीकडून मिरजेला किंवा महाबळेश्वरचा घाट उतरून साताऱ्याला पोचायला दीड-दोन तास जातात. दवाखान्यात तपासणी, रक्त, स्कॅन यांत आणखी तासभर. म्हणजे घरच्यांच्या हातात जेमतेम दीड तास उरतो. तोही ‘जरा वाट बघू, उतरेल’ म्हणण्यात आणि पुण्याच्या पोराला फोन करण्यात संपतो. साडेचार तास उलटले म्हणून घरी मात्र थांबू नका. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंत करतात.

म्हणून न्यायचं कुठं हे आजच ठरवून ठेवा. घराजवळच्या दोन-तीन मोठ्या दवाखान्यांना फोन करून दोनच प्रश्न विचारा: सीटी स्कॅन रात्री-अपरात्री होतो का, आणि गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? दोन्हीला ‘हो’ म्हणणाऱ्याचा नंबर १०८ च्या शेजारी भिंतीवर लिहा. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथं मोठे दवाखाने आहेत, मात्र सोय प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. तालुक्याच्या ठिकाणी जिथं स्कॅनच नाही, तिथं सलाइन लावून तासभर ठेवलं की तो तास गेलाच. गावातल्या डॉक्टरांकडून फार तर दोन कामं करून घ्या: साखर तपासणं आणि पुढच्या दवाखान्याला फोन. साखर फार उतरली तरी हुबेहूब असाच झटका दिसतो आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसतो, म्हणून ती आधी बघायची.

गाडी येईपर्यंत रुग्णाला कुशीवर झोपवा, कवळी काढा, लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. पाणी, चहा, साखर-पाणी तोंडाने काहीही देऊ नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतात, घोट फुप्फुसात जातो आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिन देऊ नका. ती हार्ट अटॅकमध्ये चालते, पण इथं आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाही कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती घात करते. वरचं बीपी २०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणं ही आपल्याकडची सर्रास चूक. अडलेल्या भागाकडे रक्त ढकलण्यासाठी शरीरानेच ते वाढवलेलं असतं, ते एकदम पाडलं की नुकसान वाढतं. इंजेक्शनआधी ते १८५/११० च्या खाली आणावं लागतं, पण ते काम दवाखान्याचं. बोटांना सुया टोचून रक्त काढायचा व्हॉट्सॲपवरचा उपाय सोडून द्या. गरम तेलाची मालीशही नको, बिघाड मेंदूत आहे आणि आपण पाय चोळत बसतो. सोबत गोळ्यांची पिशवी घ्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दारातच सांगा. रेशन कार्ड आणि आधारही असू द्या, पण ते शोधायला गाडी थांबवू नका.

कधी कधी हात दहा मिनिटं लुळा पडतो आणि पूर्ववत होतो. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कारणांमध्ये पहिला नंबर बीपीचा, आणि बाकीची बरीच मागे आहेत. ते घरी मोजायचं तर दंडावरचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवी करून या, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला, दंड छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा जास्त येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य झटका आलेल्यांच्या घरात हमखास ऐकू येतं. अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. मीठ माणशी दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचं, पापड, खर्डा, फरसाण धरून.

मधुमेह आणि कोलेस्टेरॉलची तपासणी वर्षातून एकदा तरी करा. तंबाखू, बिडी सोडायचीच. आजीच्या मिसरीलाही कुणी व्यसन म्हणत नाही, पण तीही तंबाखूच. नाडी बघताना ठोके वेडेवाकडे, अंतर सोडून लागत असतील तर ईसीजी काढा. हृदयाची अशी अनियमित लय असेल तर झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीने तो बराच खाली येतो. लहानपणी सांधेतापातून झडप खराब झालेल्यांनी इथं जास्त जपायचं. बाळंतिणीचं डोकं सलग दुखतंय, उलट्या होताहेत किंवा फिट आली, तर मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. बाळंतपणात पाणी कमी द्यायची जुनी पद्धत या बाबतीत घातक आहे.

घरी सोडल्यावर पहिले तीन महिने व्यायामाचे. सुधारणा याच काळात सर्वांत वेगाने होते, त्यामुळे फिजिओथेरपी ‘जरा ताकद आल्यावर’ अशी पुढे ढकलू नका. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. जेवण बसवूनच भरवा, आणि पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज बहुधा सोपी जाते. दात काढायचा असेल तर रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांना फाइल दाखवा, मेंदूच्या डॉक्टरांना फोन करा, मग ठरवा.