‘गार्ड’ या शब्दाबाबत या चुका टाळा

‘गार्ड म्हणजे रक्षक’ एवढंच पाठ करून तो सगळीकडे चिकटवला की भाषांतर हमखास बिघडतं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये जुन्या फ्रँकिश भाषेतून (ती जर्मन-इंग्रजीच्या जर्मानिक कुळातली). तिथे अर्थ होता लक्ष ठेवणं. संरक्षण नंतर आलं. म्हणून ‘ऑफ गार्ड’ म्हणजे बेसावध, ‘गार्ड ऑफ ऑनर’ म्हणजे मानवंदना. शाळेच्या अर्जावरचा ‘गार्डियन’ पालक, तिथे ‘संरक्षक’ लिहू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा शिनगार्ड किंवा दुचाकीचा मडगार्ड मात्र तसाच ठेवा, मराठी प्रतिशब्द ओढूनताणून आणला तर कुणालाच कळत नाही.

दुसरी चूक ‘वॉर्ड’ला परका समजण्याची. आपण पत्त्यात ‘शाहूपुरी, ई वॉर्ड’ लिहितो, तो ‘वॉर्ड’ गार्डचाच सख्खा भाऊ. तो जुन्या इंग्रजीत आधीपासून होता. अर्थ राखण, पुढे राखणीखालचा भाग. दवाखान्यातला वॉर्डही तोच. फ्रान्समध्ये उत्तरेकडच्या बोलींनी जर्मानिक ‘व’ टिकवला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. १०६६ साली उत्तर फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंडात आले आणि पुढे इंग्रजीने दोन्ही रूपं घेतली: वॉर्डन-गार्डियन, रिवॉर्ड-रिगार्ड.

इथेच घाई नडते. ‘व’च्या जागी ‘ग’ दिसला की नातं जुळलं, असं धरू नका. वॉरंटी-गॅरंटी ही जोडी याच उच्चारभेदातून झाली, पण तिचं मूळ निराळं मानतात. ‘गार्डन’ही या घरातलं नाही, ते कुंपण घातलेल्या जागेवरून आलंय. ‘फॉरवर्ड’मधला ‘वर्ड’ तर ‘वळलेला’ या अर्थाचा, आपल्या ‘वर्तन’, ‘आवर्तन’मधल्या ‘वृत्’ धातूचा नातलग! शंका आली तर व्युत्पत्तिकोशात दोन्ही शब्द काढून शेवटचं मूळरूप ताडून बघा, नुसत्या स्पेलिंगवर जाऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतो आपलाच ‘गारद’. पहाऱ्याची गारद ‘गार्ड’वरून आली. पण ‘संघ शंभर धावांत गारद’ मधल्या शब्दाची सोयरीक लूट, नासधूस या अर्थाच्या अरबी-फारसी ‘गारत’शी आहे. तिथे पहारेकऱ्याचा काही संबंध नाही.